डाव्या बाजूची बोट

मुकादमांच्या सकीनाभाभीनं रिक्षातून धाडला,
चादरीत गुंडाळून, वर सुतळीच्या दोन गाठी,
सोबत सोड्यांची पुडी: हे आगाऊ समज.
वीस किलोचं धूड. अब्बासमियांनी
कोबेहून आणलेलं, एकोणऐंशी साली,
बोटीत स्वतःच्या बंकखाली बांधून.

झाकणाला स्क्रू आठ. सहा गंजलेले, दोन नाहीतच.
हर्णैची हवा लोखंडाला उधारी ठेवत नाही.
आत एक पाल, वाळून कागद झालेली,
डायलची दोरी सुटून कप्पीला लोंबतेय,
आणि दोन मोठे कपॅसिटर,
गालगुंड झाल्यासारखे.

अशाला सरळ करंट द्यायचा नसतो.
मध्ये शंभरचा बल्ब टाकायचा.
पेटला आणि पेटूनच राहिला, तर आत शॉर्ट.
पेटून मंदावला, तर जीव आहे.
माझा बल्ब तांबूस झाला,
जरा विचारात पडला,
मग खाली बसला.

निपाणीच्या चिकोडीकरांना फोटो पाठवले.
आम्ही कधी भेटलेलो नाही.
तंबाखूची वखार पोराच्या हवाली करून
ते दिवसभर फोनवरून लोकांचे अँप्लिफायर बरे करतात.
उत्तर आलं: रिलेला मीठ चढलंय.
जाड कागद स्पिरिटमध्ये भिजवून पत्र्यांमधून ओढ.
पॉलिशपेपर लावलास तर पुन्हा फोन करू नकोस.
पॉलिशपेपर माझ्या हातातच होता.

मग आणखी एक ओळ:
डाव्या बोर्डावरचा अर्थचा टाका बघ.
गोळा आहे तो, सांधा नव्हे.
कुठल्या गाढवानं केलाय?

भिंग लावलं.
मातकट, दाणेदार, न लागलेल्या दह्यासारखं कथील,
शेजारी पेन्सिलीनं तारीख, ४-९-९३,
आणि नऊ असा, शेपटी उलटी वळवलेला,
जसा मी अजून बिलावर काढतो.

मयेकरांच्या दुकानात एकोणीस वर्षांचा मी.
आयर्न पुरता तापला नव्हता
आणि आंजर्ल्याची शेवटची तर सुटत होती.
शेठ म्हणाले, वाजतंय ना? मग झाकण लाव.

चिकोडीकरांना लिहिलं: असेल कुणी आधीचा.

जुनं कथील ओढून काढलं. पाय खरवडले.
नवा टाका दिला, चकचकीत,
कडेला पातळ उतरणारा.
डायलला गळाची दोरी घातली, तीन वेढे.
बटण दाबलं. चार सेकंद
काहीच नाही.
मग आतून रिले: टक्.

भाभींच्या घरी जागेवर ठेवला. रत्नागिरी केंद्र लागलं,
स्वच्छ, निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू येईल असं.
भाभी डाव्या स्पीकरला कान लावून बसल्या.
मग वर बघत म्हणाल्या,
बोट कुठं गेली?

कुठली बोट?

यात बोट वाजायची. या बाजूनं. बारीक, सारखी.
हे म्हणायचे, समुद्रातनं आणलाय,
इंजिन शिरलंय त्याच्यात.
हे जहाजावर गेले की मी नुसता चालू ठेवायची.
गाणं नको, बातम्या नको.
पहिल्यापास्नं होती ती.

पहिल्यापासून नव्हती.
त्र्याण्णवच्या सप्टेंबरपासून होती,
एका पोराला घाई होती म्हणून.
हे तोंडापर्यंत आलं, आणि चहाही आला.
मी चहा प्यालो.
सोडे परत करावेत असं वाटलं,
पण ते कालच भातावर संपले होते.

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.
स्वच्छ आवाजाकडे बघत राहिल्या,
पाहुणा आलाय, पण कोण ते आठवत नाही
अशा नजरेनं.

रात्री दुकान बंद करून लिहिलं:
ते गाढव मी.
दोन खुणा उमटल्या, निळ्या झाल्या.
निपाणीत बराच वेळ कुणीतरी टाइप करत होतं,
थांबत होतं, पुन्हा करत होतं.

मग आलं:
माझे सतरा आहेत असे. मोजलेत.
बायस बघितलास का?

नव्हता बघितला.